पालकांस ओळखत नाही

तुम्ही खोटं लिहिलं, साहेब. सहीनिशी लिहिलं, गोल शिक्का मारून लिहिलं. सात वर्षांच्या लेकरावर तुम्ही अकरा मिनिटं घातली, त्यातली चार तुमच्या फोनने खाल्ली, आणि उरलेल्या सातांत तुम्ही ठरवून मोकळे झालात की या पोरीला आपला बाप कोण तेसुद्धा समजत नाही. वासराला जे समजतं ते तिला समजत नाही, असं तुम्ही कागदावर घातलं. त्याखाली रेघ ओढून लिहिलं, प्रशिक्षणास अपात्र. कोणत्या अधिकाराने?

इथपर्यंत किशोर गावंडेचं मनातलं पत्र दर खेपेला धडधडत यायचं आणि पुढचं वाक्य आलं की अडायचं. अकोल्याहून सुटलेली सकाळची पॅसेंजर बोरगावच्या पुढे आली होती. समोरच्या बाकावर त्याची बायको प्रणाली मांडीवर डब्याची पिशवी घेऊन बसली होती, आणि खिडकीशी मैना. खिडकीचा आडवा गज पोरीने दोन्ही मुठींत धरला होता आणि हनुवटी त्यावर टेकवली होती. डोळे उघडे होते. त्यातल्या डाव्याला ऊन आणि सावली एवढं कळतं, उजव्याला तेही नाही. कानांना काहीच नाही. गाडी ती हनुवटीने ऐकत होती. पूल आला की गज वेगळा थरथरतो, तेव्हा तिच्या भुवया वर जायच्या आणि पूल सरला की खाली यायच्या. पलीकडची एक म्हातारी बराच वेळ बघत होती. शेवटी तिच्याने राहवलं नाही.

"पोरगी बिमार हाय का वो?"

"नाई," प्रणाली म्हणाली.

"मंग असी काहून बसली?"

"गाडी पाहून राहिली."

म्हातारीने मैनाच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. मग तिने थैलीतून एक केळं काढलं आणि आईला न विचारता सरळ पोरीच्या हाताला लावलं. मैनाने गज सोडला. केळं हुंगलं, बोटं शेंड्यापासून देठापर्यंत नेली, आणि खालच्या टोकाकडून सोलायला लागली. "घ्या!" म्हातारी हसली. "माह्याच्यानं तर आजवर देठाकूनच सोललं जाते. हे हुशार हाय." साहेब, ही बाई मूर्तिजापूरच्या बाजाराला जाणारी, अंगठा उठवणारी असेल. तिला दोन मिनिटं लागली. किशोरने हे वाक्य पत्रात घालायचं ठरवलं आणि पुन्हा पहिल्या वाक्यापाशी येऊन अडला. तुम्ही खोटं लिहिलं. खोटं या शब्दाच्या पुढे पत्र जाईना.

काल दुपारी पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा तो दुकानात दर्यापूरच्या एका गिऱ्हाइकाची मोटार भरत होता. जळालेल्या मोटारीतली काळी तार काढायची आणि नवी तांब्याची तार वेढे घालून भरायची, वर वार्निश ओतायचं, हा त्याचा धंदा. बारा वर्षांत वेढे त्याने तोंडाने कधी मोजले नाहीत. बाजूला रेडिओ चालू असो की कोणी उधारीवरून भांडत असो, बोटं आपली मोजत राहतात आणि बरोबर आकड्याला थांबतात. पाकीट त्याने पकडीने फाडलं. 'सदर बालिका पालकांस ओळखत नाही.' घडी घालून खिशात ठेवलं, परत तार हातात घेतली, आणि वेढे किती झाले ते बोटांना आठवेना. तो तसाच बसला. मग अख्खी कॉइल उसवून त्याने खाली टाकली. दुकानाच्या फरशीवर तांब्याचा तो झगझगता गुंता पडलेला, बाहेर मे महिन्याचं अकोल्याचं ऊन, आणि त्याला एकदम लहानपणी गणिताच्या पेपरात सगळं विसरला होता ते आठवलं.

अमरावतीला अशा लेकरांसाठी एक वर्ग नव्याने सुरू होतोय. ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्यांचा. जागा चार. असा वर्ग या जगात असू शकतो हे किशोरला गेल्या वर्षापर्यंत माहीतच नव्हतं. अंध मुलांच्या शाळेत गेला तर ते म्हणाले, आम्ही ऐकवून शिकवतो, हिला ऐकू येत नाही. बहिऱ्यांच्या शाळेत गेला तर ते म्हणाले, आम्ही दाखवून शिकवतो, हिला दिसत नाही. दोन्हीकडे चहा दिला, खोटं कशाला बोला. वर्गाच्या अवनी मॅडम एकदा घरी येऊन गेल्या होत्या. तीन तास मैनाजवळ जमिनीवर बसल्या, तिच्या हातांखाली आपले हात ठेवून भाकरीचं पीठ मळलं, आणि उठताना म्हणाल्या, "हिच्या हातांत भाषा तयार आहे, गावंडे भाऊ. फक्त वाढवायची आहे. उशीर करू नका." पण जागेला वर तपासणी करणाऱ्या साहेबाचा शेरा लागतो. तारखेला आठ महिने लागले. काल रात्री अवनी मॅडमला फोन केला तर त्यांनी आधी अख्खा शेरा वाचून दाखवायला लावला. मग म्हणाल्या, उद्या संध्याकाळी पाचला यादी वर जाते. तोवर नवा शेरा आणा. तोवर मी जागा धरून ठेवते.

भाषा तयार आहे हे आईबापाला वेगळं सांगायला नको होतं. ती त्यांच्याच घरात, स्वयंपाकघर आणि मोरी यांच्या मधे, सात वर्षांत उगवली होती. कोणी शिकवली नाही. पोटात असताना तिसऱ्या महिन्यात प्रणालीच्या अंगावर तीन दिवस बारीक पुरळ उठलं होतं. किशोरची आई लीलाबाई म्हणाली, गोवर असंन, देवीचं हाय, दवाखान्यात जायचं नाई, आणि दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. त्या डहाळ्याविषयी नंतर घरात कोणी कधी बोललं नाही. पोर झाली, आजोबाने हौसेने मैना नाव ठेवलं. दोन वर्षांनी नावावरून लोक हसायला लागले. पण तोवर पोरीने लोकांना आपल्याकडची नावं ठेवायला सुरुवात केली होती. जो माणूस भेटेल त्याला ती चाचपायची आणि त्याच्यातलं एक काहीतरी धरून ठेवायची. आई म्हणजे बांगड्या. आई हवी असली की मैना आपल्याच मनगटावर दोन बोटं गोल फिरवते. आजोबा, म्हणजे हिवरखेडचे नत्थुजी, यांच्या कानात जुन्या वळणाची सोन्याची बाळी होती. आजोबा हवे असले की ती कानाची पाळी चिमटीत धरते. आणि बाप म्हणजे मिशी. किशोरची मिशी जाड, खाली वळलेली, आणि दिवसभर वार्निशच्या भट्टीशी बसल्याने तिला तो गोडसर जळका वास कायमचा लागलेला. संध्याकाळी सात वाजता घराच्या उंबऱ्याची फरशी त्याच्या पावलांनी हादरली की मैना जिथे असेल तिथे उभी राहते आणि नाकाखाली आडवं बोट धरते. बाप आला. मग येऊन दोन्ही हातांनी मिशी चाचपते, नाक लावते, एकदा जोरात ओढते. ओढल्याशिवाय त्याचं येणं पुरं होत नाही.

गाडी मूर्तिजापूरला थांबली. थांबली की मैनाने गजावरून हनुवटी काढली आणि कुठे आलो असं विचारल्यासारखं तोंड आईकडे वळवलं. प्रणालीने तिच्या मांडीवर दोनदा थोपटलं. अजून बसायचंय. प्रणाली कालपासून किशोरशी कामापुरतंच बोलत होती. काल रात्री कागद वाचून झाल्यावर तिने तो घडीवर घडी घालत सुपारीएवढा केला आणि विचारलं, "आत काय झालं होतं?" तो म्हणाला, काही नाही. ती म्हणाली, "मैनाचे बाबा, मी त्या दिवशी बाहेर बाकड्यावर बसली होती. तुमी आले अन् मले सांगतलं, बरोबर झालं. मी नारळ फोडला. आता मले सांगा, आत काय झालं होतं?" आणि त्याने सांगितलं. सगळं सांगितलं असं त्याला काल वाटलं होतं. आज गाडीत कळत होतं की एक गोष्ट राहिली होती.

नत्थुजी एप्रिलच्या सुरुवातीला गेले. झोपेत गेले, सुखाने गेले. अकोल्याहून हिवरखेडला पोचेस्तोवर दुपार झाली. अंगणात माणसं, आत बाया. मैनाला आत नेऊ नका असं चार जणींनी सांगितलं. लेकरू घाबरंन, तिले काय समजते. प्रणालीने कोणाचं ऐकलं नाही. पोरीचा हात धरून तिने तिला सासऱ्याच्या उशाशी बसवलं. मैनाने पाळी चाचपली, बाळी सापडली, हसली. मग तिचे हात गालावर आले आणि थांबले. कपाळावर गेले, छातीवर गेले, पुन्हा गालावर आले. तिचं हसू हळूहळू गेलं. ती उठून बसली, आजूबाजूला हात मारत राहिली, आणि पायथ्याशी घडी करून ठेवलेली गोधडी तिला सापडली. ती उलगडून तिने आजोबाच्या अंगावर घातली. गळ्यापर्यंत ओढली, दोन्ही बाजूंनी नीट खोचली, ते तिला निजवताना खोचायचे तशी. बाहेर ऊन त्रेचाळीस होतं. ज्या चार जणींनी नको म्हटलं होतं त्यांनीच मग मोठ्याने रडायला सुरुवात केली. साहेब, हे पालकांस ओळखत नाही का? हे काय असतं मग? तुमच्या छापील फॉर्मात याला कुठली रांग आहे?

दहाव्याला नदीवर गेले. नदी म्हणजे कोरडं पात्र. क्रियेपुरतं पाणी कॅनमधून मोटरसायकलवर आणलेलं. न्हाव्याने डोक्यावर वस्तरा फिरवला, केस गोट्यांवर पडले, वाऱ्याने उडाले. वस्तरा ओठाजवळ आला आणि किशोरने न्हाव्याचं मनगट धरलं.

"मिशी राहू द्या."

न्हावी थांबला. मागून बुधाजी काका, वडलांचे धाकटे भाऊ, पुढे आले.

"काय मनून राहिला थो?"

"मिशी राहू द्या मनतो."

"बाप मेला तुहा," काका म्हणाले, "अन् तुले मिशी पाह्यजे? कोठी मिरवाची हाय? अकोल्याले?" कोणीतरी हसलं. दहा-बारा भाऊबंद उभे होते. मैना मला मिशीने ओळखते, एवढंच त्याला म्हणायचं होतं. चार शब्दांचं वाक्य. आता पॅसेंजरमध्ये बसून त्याला ते स्पष्ट म्हणता येत होतं, तेव्हा त्या गोट्यांवर ओलेत्याने बसून आलं नाही. भावकीसमोर पोरीचं नाव काढलं की सगळ्यांचे चेहरे एका विशिष्ट तऱ्हेने मऊ होतात. त्या मऊपणाची त्याला शिसारी आहे. त्याने न्हाव्याचं मनगट सोडलं. वरच्या ओठाला वारा लागला, आणि सतरा वर्षांनी तिथल्या कातडीला ऊन लागलं.

संध्याकाळी घरात गेला. मैनाने पावलं ओळखली. नाकाखाली बोट धरून ती धावत आली, हात वर केले, आणि तिच्या बोटांना ओठावर काही सापडलं नाही. तिने वर शोधलं तर डोकं गुळगुळीत. नाक लावलं तर दहा दिवस दुकान बंद, वार्निश नाही, नुसता ओल्या धोतराचा वास. ती मागे सरली. त्याने तिला धरलं. तिथे चुकलं. धरायला नको होतं. अंधारात एखाद्या परक्या माणसाने बाईला धरावं तसं ते तिला लागलं असेल, हे त्याला आत्ता कळतं. ती ओरडली, असं ओरडली की चुलीशी बसलेली लीलाबाई धावत आली. त्यानंतरचे दिवस तो घरात आला की मैना आईच्या मागे जायची आणि मग दारापाशी जाऊन उभी राहायची. नाकाखाली बोट धरून. तो तिच्या मागे तीन हातांवर उभा असायचा, आणि ती दारात उभी राहून त्याची वाट बघायची.

तेरवी झाली आणि दोन दिवसांनी तपासणीची तारीख होती. प्रणाली म्हणाली होती, "पुढं ढकला, पोरगी अजून तुमाले जवळ येऊ देत नाई." तो म्हणाला, "आठ महिन्यांनी भेटली तारीख. पुन्हा आठ महिने काढतं का?" तिने मग म्हटलं, मी नेते आत. पण दारावरच्या शिपायाने विचारलं, अर्जावर सही कोणाची? ज्याची सही, तो आत. एकच पालक. प्रणाली बाकड्यावर बसली आणि किशोर पोरीला घेऊन आत गेला. एरवी मैना त्याच्याबरोबर गेली असती का? आईने तिचा हात त्याच्या हातात दिला म्हणून ती तेवढी गेली. साहेबांनी फोन ठेवला आणि म्हणाले, तिला वडिलांकडे जायला सांगा. सांगा म्हणजे कसं? त्याने तिचा तळवा आपल्या तोंडावर ठेवला. पुन्हा तोच बोडका ओठ. तिने हात ओढून घेतला. साहेब म्हणाले, पुन्हा. त्याने पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा मैना त्याच्या मनगटाला कडकडून चावली आणि टेबलाखाली जाऊन बसली, साहेबांच्या पायांजवळ. साहेबांनी पाय मागे घेतले.

"घरीही असंच करते का?"

इथे. इथे पत्र अडत होतं. कारण त्या प्रश्नाला किशोरने काय उत्तर दिलं ते त्याने काल रात्रीही प्रणालीला सांगितलं नव्हतं. त्याने म्हणायला हवं होतं, नाही साहेब, माझी मिशी गेली म्हणून. पण एसी लावलेली खोली, काचेचं टेबल, आणि साहेबासमोर मिशीची गोष्ट काढायची? त्याला ते हसण्यासारखं वाटलं. बाप मेला अन् तुले मिशी पाह्यजे. मनगटावर दातांचे व्रण उमटत होते आणि तो म्हणाला, "कधी कधी." साहेबांनी ते लिहून घेतलं. मग खोटं कोण बोललं? तुम्ही लिहिलं साहेब, पण मी सांगितलं. बडनेरा जवळ आलं होतं, लोक उठून दारापाशी जमत होते, आणि किशोर पिशवी उचलायच्या निमित्ताने वाकला आणि बायकोला म्हणाला, "साहेबानं इचारलं होतं, घरीबी असंच करते का. मी मनलं, कधी कधी."

प्रणालीने त्याच्याकडे पाहिलं. गर्दी त्यांना ढकलत होती. "काहून?" ती म्हणाली.

"लाज वाटली."

"तिची?"

"नाई. माही."

 मैनाचा एक हात तिने धरला, दुसरा त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "उतरा. रिक्षा पाहा."

रिक्षा अमरावतीच्या रस्त्याला लागली. मैना दोघांच्या मधे. तिचा तळवा किशोरच्या डोक्यावर, महिन्याभरात वाढलेल्या खुंटांवर, मागेपुढे फिरत होता. हे तिने नवं काढलं होतं. तपासणीनंतरच्या आठवड्यात त्याला राहवेना म्हणून तो अकोल्यात नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्याकडे गेला होता आणि म्हणाला होता, एक मिशी द्या, जाड, खाली वळलेली. दुकानदाराने डबा उघडला. "पार्ट कोणता हाय भाऊ? फौजदार का दरोडेखोर?" किशोर म्हणाला, "बाप." दुकानदार म्हणाला, "बापाची मिशी अलग नसते, हे घेऊन जा, दोघाइले चालते." घरी येऊन डिंकाने चिकटवली. वार्निशचं बोट लावलं. पोरीसमोर बसला.  मैनाची बोटं आली, मिशीवर थबकली, आणि एका झटक्यात तिने ती उपटली. हुंगली. उलटी करून डिंकाची बाजू चाचपली. आणि हसायला लागली, पंधरा दिवसांनी पहिल्यांदा, पोट धरून. ती केसांची पट्टी तिने त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची मूठ मिटवली. तुझं तू ठेव. पण मूठ मिटवताना तिची बोटं त्याच्या बोटांवरून गेली आणि थांबली. तर्जनीच्या कडेला तारेने पडलेला घट्टा, अंगठ्याच्या पेरावरचा जुना काप. एकेक करून तिने दहाही बोटं तपासली, सावकाश, घाई न करता. मग हात दंडावरून खांद्यावर, खांद्यावरून गालावर, ओठाच्या बोडक्या जागेवर. तिथे ती खूप वेळ थांबली. जणू काय झालं ते तिथूनच समजून घेत होती. मग डोक्यावर. नुकतेच फुटलेले खुंट हाताला लागले तशी ती खिदळली. त्याच्या मांडीवर चढून बसली, आणि आपल्या डोक्यावर आपला तळवा फिरवला. दोनदा. हे तुझं नाव. प्रणाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, मागे फोडणी जळत होती, आणि कोणी ती उतरवली नाही.

कचेरीत तोच शिपाई होता. "एकच पालक," तो म्हणाला. किशोरने खिशातून कागद काढला, पण प्रणाली तोवर शिपायाच्या बाजूने मैनाला घेऊन आत गेली होती. "अवो बाई! अवो!" करत शिपाई मागे आला आणि साहेबांनी वर बघून हात केला, राहू दे. साहेब वाईट माणूस दिसत नव्हता. पन्नाशीचा, थकलेला, टेबलावर फायलींची चळत. तेच किशोरला जास्त लागलं. गाडीत लिहिलेलं पत्र डोक्यात कुठे सापडेना.

"तुम्ही खोटं लिहिलं," तो म्हणाला, आणि मग, "म्हणजे मी खोटं सांगतलं होतं साहेब. घरी ते कधीच तसं करत नाई. मी कधी कधी मनलं, थे खोटं होतं. माहे वडील वारले होते. मिशी काढली होती. मैना मले मिशीवरून ओळखे."

"मिशी?" साहेबांच्या ओठाचा कोपरा हलला.

"हाव."

"अहो गावंडे, असं मी अहवालात लिहू का? मिशी नसल्याने प्रतिसाद दिला नाही?"

"लिहा," प्रणाली म्हणाली. "खरं हाय थे लिहा."

"त्या दिवशी मी जे पाहिलं ते लिहिलं, ताई. फेरतपासणीचा अर्ज करा. तीन-चार महिन्यांत नंबर लागेल."

"आज पाच वाजता जागा जाते साहेब."

"ते माझ्या हातात नाही."

"तुमच्याच हातात हाय," किशोर म्हणाला. त्याचा आवाज चढला. "दारात तिची माय बसली होती, तुमी तिले का नाई बलावलं? ज्या पोरीले दिसत नाई, ऐकू येत नाई, तिले तुमी सांगा मनलं. कसं सांगावं थे इचारलं का? तुमच्या हातानं तिले एकदा तरी हात लावला का? अकरा मिनिटं, साहेब. माहं मी कबूल केलं. तुमचं?"

साहेब काही बोलणार होते. पण मैना आईच्या हातातून सुटली होती. टेबलाची कड धरून, काचेवर तळवा घासत ती वळसा घालून त्यांच्या खुर्चीपाशी पोचली होती, कोणाच्या लक्षात यायच्या आत. तिने हवेत नाक वर केलं. कुठला तरी नवा वास, शाईचा, थंड हवेचा, परक्या माणसाचा. मग तिचा हात खुर्चीच्या हातावर आला आणि तिथे ठेवलेल्या साहेबांच्या हातावर चढला. साहेब दचकले, पण हात काढला नाही, की काढायचं त्यांना सुचलं नाही. मैनाने घड्याळ चाचपलं. पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं. अंगठी फिरवली, तिच्या खड्यावर नख टेकवलं, सोडून दिली. बोटं मोजली. अंगठ्याचं नख चावून आखूड झालेलं होतं, तिथे ती थांबली, पुन्हा पुन्हा त्याच नखावरून बोट नेत राहिली. हळू, जसं ताप आलेल्या माणसाच्या कपाळावरून नेतात. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी बायकोलासुद्धा ते नख कधी नीट दाखवलं नसेल.

मग तिने जे केलं ते घरात कोणी तिला करताना पाहिलं नव्हतं. तिने साहेबांचा हात उचलला आणि आपला तळवा उताणा करून त्याखाली धरला. त्यांची बोटं आपल्या तळव्यावर टेकवली. आणि थांबली. मान किंचित वर, भुवया वर, पापणी न हलवता. सात वर्षांत मैनाने मागितलं होतं, ओढलं होतं, ढकललं होतं, नावं ठेवली होती. पाणी, बाहेर, भाकर, आजोबा. पण असा रिकामा हात पुढे करून ती कधी थांबली नव्हती. साहेबांनी बोटं उचलायला पाहिली. तिने ती परत ठेवली, जोर न लावता, आणि पुन्हा थांबली. एसीचा आवाज चालू होता. दारात शिपाई चहाचे कप धरून उभा होता.

"मैनाचे बाबा," प्रणाली कुजबुजली आणि तिने किशोरचा दंड धरला, बांगड्या वाजल्या. "ते इचारून राहिली."

किशोरच्याही ते त्याच क्षणी लक्षात आलं होतं. त्याने टेबलाचा आधार घेतला. साहेब त्याच्याकडे बघत होते, म्हणजे आता काय करू अशा नजरेने, आणि किशोरला जन्मात पहिल्यांदा कोण्या साहेबाची कीव आली. पण त्याने मदत केली नाही.

"साहेब," तो म्हणाला, "ते तुमाले इचारून राहिली, तुमी कोण. मिशी कोणाची, बांगडी कोणाची, थे तिचं तिनं शोधलं. तुमचं तिले सापडलं नाई, मनून इचारते. मी सांगणार नाई, तिची माय सांगणार नाई. तुमी लिहिलं न, तिले माणूस ओळखू येत नाई? मंग हात काहून ओढता? पाच वाजाले लई टाइम हाय. ते थांबली हाय. सांगा तिले, तुमी कोण आहा? द्या उत्तर."